‘तुम्हीच नीट वापरलं नसेल’ असं कंपन्या का म्हणतात?

आर्णीला घरी गेलो होतो, तेव्हा फोनची बॅटरी फुगली. सर्व्हिस सेंटरवाल्याचा पहिला प्रश्न: “चार्जर लोकल होता ना?” नव्हता.

हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. चर्चा लगेच वळली ती मास्क-हातमोजे का घातले नाहीत याकडे. (त्या उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत, घालून बघा!) ‘पोलो’ हे कीटकनाशक विकणाऱ्या सिंजेंटाने आपल्या औषधाचा दोष नाकारला. पंपात बरेचदा दोन-तीन औषधं एकत्र असायची, त्यामुळे नेमकं कशामुळे झालं हे सिद्ध करणं अवघड. २०२१ मध्ये प्रकरण स्वित्झर्लंडच्या कोर्टात गेलं.

आता सॅमसंगचा नोट ७ बघा. २०१६ मध्ये फोन पेटू लागले आणि बाजारात आल्यावर दोनेक आठवड्यांतच कंपनीने ते परत मागवले. बदलून दिलेलेही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद. जानेवारी २०१७ मध्ये बॅटरीचा दोष जाहीरपणे मान्य केला. माझ्या मते फरक चांगुलपणाचा नाही. जळालेला फोन पुरावा म्हणून समोर होता, आणि गिऱ्हाईक उद्या दुसरा ब्रँड घेऊ शकत होतं.

म्हणून पुरावा आपणच जपायचा. बिल, आयएमईआय, चार्जरसकट फोटो ठेवा. जॉबशीटवर ‘बॅटरी फुगलेली’ असं लिहून घ्या. कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘वस्तू चुकीची वापरली’ हा बचाव विक्रेत्याला मिळतो. ऐकलं नाही तर १९१५ वर तक्रार करा. आणि तोवर तो फोन चार्जिंगला लावू नका.