पातळी मोजायची कशाने?

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात सांगलीत जो तो एकच प्रश्न विचारीत होता : "आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे?" तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. त्या महिन्यात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. त्यामुळे सातारा जिल्ह्यात पाऊस कोसळू लागला, की सांगलीकरांचे डोळे पुलाकडे लागतात. घर सोडायचे की थांबायचे, हे त्या एका आकड्यावर ठरते.

नदीचे पाणी निदान डोळ्यांना दिसते. परंतु तेच द्रव बंद पोलादी टाकीत असेल, वर वाफ असेल, फेस असेल, तर? अशा वेळी पातळी ओळखणारे साधन, म्हणजेच पातळी-संवेदक, बसवावे लागते. ते कसे निवडतात, हे आज आपण पाहू या.

काट्याने केलेली फसवणूक

सातारा-सांगली हा उसाचा मुलूख. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी एका साखर कारखान्यात गेलो होतो. मळीच्या टाकीला तळाशी नवा दाब-संवेदक बसवला होता आणि तबकडीवरचा काटा सात मीटर दाखवीत होता. गंमत अशी, की टाकीची उंचीच मुळी सहा मीटर होती! उपकरण बिघडले होते का? मुळीच नाही.

द्रवाच्या तळाशी असणारा दाब म्हणजे उंची × घनता × गुरुत्व त्वरण, हे तुम्ही शिकला आहात. संवेदकाला फक्त दाब कळतो; उंची आपण त्यावरून काढतो. ती तबकडी पाण्यासाठी आखलेली होती. मळीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते. म्हणून पाच मीटर मळीचा दाब सात मीटर पाण्याइतका भरला. संवेदक खरे बोलत होता. आपण त्याला प्रश्न चुकीचा विचारला होता.

मग दुसरे एखादे साधन घ्यावे का? घरच्या टाकीतल्यासारखा तरंगता गोळा मळीत टाकला, तर चिकट थर बसून तो अडकेल. दोन धातूच्या कांड्या सोडून त्यांमधून वीज वाहते का, हे पाहावे म्हटले, तर मळी खाली गेल्यावरही कांड्यांच्या बुडाशी लागलेला थर वीज वाहू देईल आणि रिकामी टाकी भरलेली दिसेल. विहिरीच्या स्वच्छ पाण्यात मात्र याच कांड्या स्वस्त आणि चोख काम देतात. पाणी खाली गेले, की त्या पंप बंद करतात आणि पंप कोरडा फिरून जळत नाही. तेलाच्या टाकीत त्या कुचकामी, कारण तेल वीज वाहून नेत नाही. मळीसाठी दाब-संवेदकच ठेवावा. फक्त तबकडी मळीच्या घनतेनुसार आखावी आणि संवेदकाचा पडदा टाकीच्या भिंतीशी सपाट असावा, म्हणजे तेथे मळी साचणार नाही.

वरून हाक मारली तर?

द्रवाला न शिवता पातळी मोजता येते. टाकीच्या छतावरून श्राव्यातीत ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागणारा वेळ मोजायचा. पण हवेतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो : २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ५० अंशांना सुमारे ३६१ मीटर. हा फरक विसरलो, तर चार मीटरच्या अंतरात २० सेंटिमीटरची चूक होते. म्हणून अशा उपकरणात तापमापकही असतो. त्यातून दाट फेस असेल, तर तो ध्वनी गिळून टाकतो. रडारच्या लहरींना हवेच्या तापमानाची फारशी पर्वा नसते, पण हे साधन महाग पडते.

बॉयलरमधील लबाड पाणी

सर्वांत जोखमीची जागा बॉयलरची. पाणी फार खाली गेले, तर नळ्या उघड्या पडून लाल होतात आणि स्फोट होऊ शकतो. म्हणूनच बॉयलरला एक सोडून दोन काचनळ्या असतात.

परंतु काचनळीही थोडी फसवते. २० बार दाबाला पाणी सुमारे २१२ अंशांना उकळते आणि त्याची घनता घनमीटरला ८५० किलोग्रॅमपर्यंत उतरते. बाहेरच्या नळीतील पाणी त्याहून थंड, म्हणजे अधिक घन. त्यामुळे नळीतील पातळी आतल्यापेक्षा कमी दिसते. नळीतील पाणी १५० अंशांचे असेल, तर नळीतल्या २० सेंटिमीटरना आत जवळजवळ साडेएकवीस सेंटिमीटर पाणी असते.

याहून मोठी लबाडी पुढे आहे. एकाएकी जास्त वाफ घेतली, की बॉयलरमधील दाब उतरतो, पाण्यातील बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढते. पाणी खरे तर कमी होत असते! केवळ पातळीवर विसंबणारे यंत्र अशा वेळी "पाणी पुष्कळ आहे" असे समजून येणारे पाणी कमी करील. म्हणून मोठ्या बॉयलरवर पातळीबरोबरच बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारे पाणीही मोजतात.

तात्पर्य काय? सर्वोत्तम संवेदक असा कोणताच नाही. आधी द्रवाची चौकशी करावी : तो किती घन आहे? चिकट आहे का? वीज वाहून नेतो का? त्यावर फेस किंवा वाफ आहे का? आणि शेवटी, साधन चुकले तर काय होईल? मळी सांडली तर नुकसान होते. बॉयलर कोरडा पडला तर माणसे जातात. तेथे एका साधनावर विसंबू नये.

करून पहा

एक मीटर लांबीची पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा. निम्मी नळी पाण्याने भरा. आता एका बाजूने हळूच शेंगतेल ओता, तेलाचा थर १० सेंटिमीटर होईपर्यंत. तेल आणि पाणी जेथे भेटतात, त्या रेषेपासून दुसऱ्या बाजूच्या पाण्याची उंची मोजा. ती सुमारे ९ सेंटिमीटर भरेल. यावरून तेलाची घनता काढा. मग विचार करा : पाण्यासाठी आखलेली तबकडी तेलाच्या टाकीला लावली, तर ती पातळी जास्त दाखवील की कमी?