फरशीवरचा वारा

छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो. १२०० मिलिमीटरच्या पंख्याचा हिशेब केला, तर पात्याचं टोक ताशी जवळपास ऐंशी किलोमीटर वेगानं हवा कापत असतं. एवढ्या वाऱ्यात धुळीचा कणही टिकू नये. तरी दिवाळीच्या आवराआवरीत स्टुलावर चढून पात्यांवरून ओलं फडकं फिरवलं, की ते काळंकुट्ट होऊन निघतं. सगळ्यात जाड थर सापडतो तो पात्याच्या पुढच्या कडेवर, म्हणजे वारा जिथे थेट आदळतो तिथेच.

धूळ पात्यावर टिकते याचं कारण असं, की कुठल्याही पृष्ठभागाला लगटून असलेली हवा त्या पृष्ठभागाची साथ सोडत नाही. पात्याला लागून असलेली हवा पात्याबरोबर फिरते, जमिनीला लागून असलेली जमिनीवर थांबून राहते. वाऱ्याला वेग येतो तो तिथून थोडं वर गेल्यावर. मधल्या या मंद थराला सीमास्तर म्हणतात. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये ही कल्पना मांडली. बारीक धूळ या थराच्या तळाशी दडून बसते. शिवाय कण जितका लहान, तितकी त्याची चिकटण्याची ताकद वजनाच्या मानानं मोठी. कणाचा व्यास दहापट कमी झाला, तर वजन हजारपट घटतं, पण पृष्ठभागाशी असलेलं रेणूंचं आकर्षण दहापटच घटतं. म्हणून वाळूचा कण फुंकरीनं उडतो आणि पावडरीचा हात मात्र टेबलावरून फडक्यानंच पुसावा लागतो.

फरशीच्या घरासाठी हलका व्हॅक्यूम क्लीनर निवडताना सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं: यंत्र किती जोरात ओढतं यापेक्षा ते जमिनीलगत किती वेगाचा वारा वाहवतं. दुकानात आणि जाहिरातीत मात्र चर्चा चालते ती ओढीचीच. त्याला इतिहास कारणीभूत आहे.

हे यंत्र जन्मलं गालिच्यांसाठी. १९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्यानं लंडनमध्ये धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि धूळ उडवण्याऐवजी ओढूनच का घेऊ नये, असा विचार केला. एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्यानं तोंडानं हवा आत ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून लांब नळ्या आत सोडून गालिचे साफ करायचं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्रानं साफ झाले. पुढे अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर या दम्यानं त्रासलेल्या सफाई कामगारानं पंख्याची मोटर, दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातानं ढकलता येईल असं यंत्र केलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते हक्क हूवर कुटुंबाकडे गेले. झाडणाऱ्याच्या छातीत जाणाऱ्या धुळीतून हे यंत्र घडलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गालिच्यात रेती लोकरीच्या मुळाशी रुतलेली असते. ती काढायची तर दाट धाग्यांमधून हवा खेचावी लागते. त्याला दाब लागतो, धागे झोडपणारा ब्रश लागतो, आणि या दोन्हींसाठी दणकट मोटर. आपल्या घरांत शहाबादी, कडप्पा, कोटा, मोझेक किंवा अलीकडची व्हिट्रिफाइड टाइल असते. तिथे कण उघड्यावर पडलेला असतो. त्याला धरून ठेवणारं फार काही नाही. त्यामुळे गालिच्याच्या घराला परवडणार नाही अशी चैन आपल्याला परवडते: कमी ताकदीचं आणि म्हणून खरोखर हलकं यंत्र.

खोक्यावर ‘२०,००० पास्कल’ असं ठळक छापलेलं असतं. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल. म्हणजे ही ओढ त्याच्या पाचव्या हिश्शाची. आकडा खोटा नसतो. पण तो सहसा यंत्राचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. तोंड बंद असताना हवा वाहतच नाही, आणि हवा वाहत नसेल तर धुळीचा एक कणही जागचा हलत नाही. तोंड पूर्ण उघडं सोडलं तर उलटं होतं: हवा भरपूर, दाब जवळजवळ शून्य. उपयोगाचं काम होतं ते या दोन टोकांच्या मधे, दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारातून. त्याला एअर वॅट म्हणतात. समजा एका यंत्राची सर्वाधिक ओढ २०,००० पास्कल आणि सर्वाधिक प्रवाह सेकंदाला ४० लिटर आहे. दाब आणि प्रवाह सरळ रेषेत बदलतात असं धरलं, तर हातात पडते ती फार तर २०० एअर वॅटची ताकद. मोटर किती वीज खाते तो आकडा वेगळाच. जास्त वॅट म्हणजे जास्त सफाई हा समज इतका पक्का होता, की युरोपीय संघानं सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या विजेवर ९०० वॅटची मर्यादा घातली.

फरशीवर खरं काम करतं ते तळाचं तोंड. सेकंदाला २० लिटर हवा २५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर उंच फटीतून आत जात असेल, तर तिथे वाऱ्याचा वेग होतो सेकंदाला १६ मीटर. तेच तोंड जमिनीपासून २ सेंटिमीटर उचललं गेलं आणि प्रवाह तेवढाच राहिला, तर वेग उरतो सेकंदाला ४ मीटर. कणाला ढकलणारा जोर वेगाच्या वर्गानं बदलतो, म्हणजे तो सोळाव्या हिश्शावर येतो. फुंकर हातभर अंतरावरचा दिवा विझवते, पण तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून तो विझवून पाहा. ज्योत हलतसुद्धा नाही, कारण आत येणारी हवा चहूबाजूंनी येते. ओढीची सत्ता तोंडाच्या अगदी जवळच चालते. महागडी मोटर आणि बेढब तोंड असलेल्या यंत्रापेक्षा साधी मोटर आणि नीट बेतलेलं तोंड असलेलं यंत्र फरशीवर सरस ठरतं ते यामुळे.

नीट बेतलेलं म्हणजे कसं, ते दुकानातच पाहता येतं. सोबत चिमूटभर तांदूळ आणि रवा न्यावा. तोंडाच्या पुढच्या कडेला सलग रबरी पट्टी असेल तर ती फरशीला घट्ट बसते, ओढ वाढल्यासारखी वाटते, पण तांदळाचे दाणे आत जाण्याऐवजी पुढे ढकलले जातात. पट्टीत खाचा असतील किंवा पुढे मऊ लोकरीसारखा गोल रोलर असेल, तर दाणे आत येतात. मऊ रोलरचा दुसरा फायदा मोठा आहे. तो फरशीला स्पर्श करतो. वारा ज्या मंद थरात पोचत नाही तिथली बारीक धूळ धाग्यांनी सुटी होते आणि मग हवेच्या हाती लागते. कडक केसांचा, गालिच्यासाठीचा रोलर मात्र फरशीवर नको. वेगानं फिरताना तो तांदूळ-रवा मागे चहूकडे भिरकावतो. संगमरवराला तर त्याच्यापासून जपावंच. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोहस श्रेणीत ७, तर संगमरवराची ३ च्या आसपास. कोटा आणि शहाबादी हेही चुनखडीचेच दगड. रेतीचा कण केसांखाली अडकून फरफटला की ओरखडा फरशीवरच उठतो.

हलकेपणाबद्दल बोलायचं, तर खोक्यावरचं वजन आणि हाताला जाणवणारं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सध्याच्या काठीसारख्या यंत्रांत मोटर, बॅटरी आणि डबा हे सगळं मुठीपाशी असतं. दीड किलोचा भार मनगटापासून वीतभर पुढे असेल तर मनगटाला तो सतत पेलून धरावा लागतो. दुसऱ्या रचनेत मोटर खाली, जमिनीजवळ असते. भार फरशीवर टेकतो आणि हाताला फक्त ढकलणं उरतं. संधिवात असलेल्या आईसाठी घ्यायचं तर ही दुसरी रचना बरी. पण ती दिवाणाखाली शिरत नाही आणि छताची जळमटं काढायला वर उचलता येत नाही. जळमटं, पंखा, माळा हेही करायचं असेल तर मोटर मुठीपाशीच हवी, म्हणजे वर जाणारी नळी हलकी राहते. विकत घेण्याआधी यंत्र चालू करून, हात लांब करून दोन-तीन मिनिटं खरोखर फिरवून पाहावं. मनगट लगेच सांगतं.

यंत्रं एवढी लहान झाली कशी, हा या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग. हवेचा पंखा किती दाब निर्माण करतो हे त्याच्या कडेच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. पंखा अर्ध्या आकाराचा केला तर तोच दाब मिळवायला तो दुप्पट वेगानं फिरवावा लागतो. जुन्या मोटरीत कार्बनचे ब्रश घासत असायचे. ते फार वेग सोसत नसत. ब्रशविरहित मोटरी, १९८० च्या दशकात आलेले निओडिमियमचे चुंबक आणि वेगानं चालू-बंद होणारी इलेक्ट्रॉनिक्स यांनी ती अट काढून टाकली. आज काही यंत्रांतल्या मोटरी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात. पाच सेंटिमीटरचा पंखा मिनिटाला एक लाख फेऱ्यांनी फिरला तर त्याची कड सेकंदाला सुमारे २६० मीटर धावते. छताच्या पंख्याच्या टोकाच्या बारापट!

जोडीला आली लिथियम-आयन बॅटरी, जी १९९१ मध्ये सोनी कंपनीनं प्रथम बाजारात आणली. इथे मात्र साधा गुणाकार करून पाहावा. ३.६ व्होल्ट आणि २.५ अँपिअर-तासाचे सहा सेल म्हणजे ५४ वॅट-तास ऊर्जा. पूर्ण जोरात ४०० वॅट खाणारं यंत्र त्यावर आठ मिनिटं चालेल. ८० वॅटवर चाळीस मिनिटं. ‘तासभर चालतं’ असं लिहिलेलं असतं ते सगळ्यात मंद वेगाचं. चांगली बातमी ही, की फरशीला बहुतेक वेळा मंद वेग पुरतो. आणि दोन खोल्यांच्या घरात वायरचं यंत्र चालत असेल तर बॅटरीचं वजन, तिचा खर्च आणि काही वर्षांनी होणारा तिचा ऱ्हास हे तिन्ही टळतात. वायरची अडचण आपण उगाच मोठी मानतो, असं माझं मत आहे. बॅटरीचंच घ्यायचं असेल तर ती काढून बदलता येणारी हवी, हे मी अट म्हणूनच सांगते.

आत गेलेली धूळ आतच राहते का, हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. डब्यात हवा भोवऱ्यासारखी फिरवून जड कण भिंतीकडे फेकले जातात. दोन सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणात हवा सेकंदाला वीस मीटरनं फिरली तर कणावरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पट होतो. तरीही सर्वांत बारीक धूळ निसटते. ती अडवायला फिल्टर. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९९.९७ टक्के अडवतो. हाच आकार का? फिल्टर काही चाळणी नव्हे, तो तंतूंचा गुंता असतो. मोठा कण वळणाऱ्या हवेबरोबर वळू शकत नाही आणि तंतूवर आदळतो. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि तोही तंतूला लागतो. मधल्या आकाराचा कण या दोन्हींतून सुटतो, म्हणून परीक्षा त्याच आकाराची. पण फिल्टर उत्तम आणि त्याच्याभोवतीची रबरी कड सैल असेल तर हवा सोप्या वाटेनं, कडेनं निघून जाते. ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नये.

हे एवढं आग्रहानं सांगण्याचं कारण केरसुणी. लक्ष्मीपूजनाला आपण तिची पूजा करतो, आणि ओला-सुका केर, अंगण, जिना यांना तिच्यासारखं साधन नाही. पण झाडताना उडालेला दहा मायक्रॉनचा मातीचा कण दीड मीटर उंचीवरून स्थिर हवेत खाली यायला तीन-एक मिनिटं घेतो, एक मायक्रॉनचा चार तासांहून जास्त. तेवढा वेळ तो आपण श्वासात घेतो त्या हवेत असतो. आणि सर्वांत जास्त जातो तो खाली वाकून झाडणाऱ्या मावशींच्या छातीत, कारण त्यांचं तोंड जमिनीच्या सगळ्यात जवळ असतं आणि दिवसाला त्या अशी कितीतरी घरं झाडतात. घरात हे यंत्र असेल तर ते त्यांच्या हातात द्यावं, वापर नीट समजावून सांगावा, आणि निवडतानाही त्यांच्या उंचीला आणि मनगटाला बरं पडेल असं निवडावं.

लादी पुसणं यानं सुटत नाही. काही मायक्रॉनचा कण कुठल्याही घरगुती वाऱ्याला दाद देत नाही. त्याला ओलं फडकंच लागतं. आधी यंत्र आणि मग फडकं, या क्रमानं केलं तर बादलीतलं पाणी गढूळ व्हायला वेळ लागतो, एवढं नक्की.

रांगोळी, पिठी, रंगकामानंतरची पुट्टी, सिमेंट यांच्यावर मात्र हलकं यंत्र चालवू नये. ही पूड काही मिनिटांत फिल्टरची छिद्रं बुजवते, प्रवाह पडतो आणि मोटर तापते, कारण बहुतेक यंत्रांत तिला थंड ठेवणारी हवाही तीच असते. उदबत्तीची राख निखारा पुरता विझल्याशिवाय ओढू नये. पावसाळ्यात धुतलेला फिल्टर कोकणात किंवा मुंबईत एका दिवसात वाळत नाही. दमट फिल्टर लावला की धूळ त्यावर चिखलासारखी बसते आणि घरभर कुबट वास सुटतो. म्हणून खरेदीच्या वेळीच जादा फिल्टर मागून घ्यावा, आणि तो सुटा मिळत नसेल तर दुसरं यंत्र पाहावं.