शाळेसाठीं संगीत नाटकाची निवड

अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें, तेव्हांपासून संगीत नाटक मराठी मनास प्रिय झालें आहे. परंतु अंबरनाथ, उल्हासनगर वा बदलापूर येथील शाळेनें नाटक निवडतांना कीर्तीपेक्षां मुलांचा गळा पाहावा, असें आम्हांस वाटतें. देवलांचें १८९९ चें ‘शारदा’ या दृष्टीनें सोयीचें. द्रव्यलोभानें मुलीचा विवाह वृद्धाशीं ठरविणारा बाप मुलांस सहज कळतो, आणि शारदेच्या मैत्रिणींमुळें अनेक मुलींस वाव मिळतो. पदें निवडक ठेवावीं; पेटीची पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणें धरावी. कंठ फुटूं लागलेल्या मुलास मात्र वगळूं नये. त्यास भद्रेश्वर दीक्षितासारखी बोलकी भूमिका द्यावी. आवाज कालांतरानें स्थिरावतो. वगळल्याचें शल्य लवकर जात नाहीं.