सुरू करणं सोपं, आवरणं अवघड

चार जणी जमल्या की काहीतरी सुरू करायचं निघतंच. कुणी भाजणी-मेतकूट विकू म्हणते, कुणी वाळवणं, कुणी दिवाळीचा फराळ. नारळ फोडायला सगळ्या हजर असतात. पण न चालणारी गोष्ट बंद करायची, किंवा यजमानांची बदली झालेल्या मैत्रिणीचं काम दुसरीने हाती घ्यायचं म्हटलं, की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. मग भाजणीचं प्रमाण तिच्याबरोबर परगावी जातं, उधारी कुणाकडे किती ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि मैत्रीतही मिठाचा खडा पडतो.

या बाबतीत लिज्जत पापडच्या भगिनींकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. १९५९ साली गिरगावातल्या ७ गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. पण तो धंदा त्यांनी शून्यातून उभारला नव्हता, बरं का! दुसऱ्या कुणाचा नुकसानीत चाललेला पापडांचा धंदा त्यांनी चालवायला घेतला होता.

सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं, एकच उत्तम प्रत ठेवा. हलकी प्रत बंद झाली. स्वस्त पापडाला गिऱ्हाईक मिळालं असतंच की! तरी तो मोह सोडला, याचं मला फार कौतुक वाटतं. पहिल्या पावसाळ्यात मात्र पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबलं. तेव्हा त्यांनी पापड सोडला नाही. पुढल्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! अडचण वाळवण्यात होती, पापडात नव्हती. बंद करायचं की नाही ठरवताना आपण नेमकी इथेच गल्लत करतो.

पुढे १९७४ साली खाकरा आला, १९७६ साली मसाले आले. आगपेट्या, चामड्याच्या वस्तू, उदबत्त्या हेही करून पाहिलं. ते जमलं नाही, तेव्हा आवरतं घेतलं. त्यापायी पापडाला धक्का लागू दिला नाही.

आणि हातातून हातात काम कसं जातं तेही पाहा. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदी एकत्र होते, म्हणून सगळ्या शाखांची चव सारखी. भगिनी सकाळी तयार पीठ मोजून घरी नेतात, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देतात. ते तपासले जातात, मजुरी मिळते, आणि नवं पीठ मिळतं. ‘अमकीच्या हाताला चव आहे’ यावर काही अवलंबून ठेवलेलं नाही.

आपल्या छोट्या उद्योगातही हे जमेल. एक जाड वही घाला. प्रमाण वाटीने नको, वजनाने लिहा. तुमची वाटी आणि माझी वाटी कधी सारखी असते का? गिरणीवाला कोण, डाळ किती भाजायची, कोण वेळेवर पैसे देतं, कोण तीनदा मागायला लावतं, सगळं त्यात येऊ द्या. सोपवताना नवीने काम करावं आणि जुनीने पाटावर बसून नुसतं पाहावं. (तोंड मिटून! हे अवघड, ठाऊक आहे.) अशा दोन खेपा झाल्या की वहीत काय राहून गेलं ते आपोआप कळतं.

बंदच करायचं ठरलं तर तारीख ठरवा आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी सांगा. आगाऊ घेतलेले पैसे सर्वांत आधी परत करा. मग उरलेला माल सगळ्यांसमक्ष मोजा, हिशेब वाचून दाखवा, वहीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. का बंद केलं, तेही चार ओळींत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणीतरी तीच कल्पना घेऊन येणारच. पातेली, झारे, डबे ज्यांचे त्यांना त्याच दिवशी पोचते करा. नावं घातलेली असतातच त्यांच्यावर.