हात बसण्याचे शास्त्र

पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेल्या आमच्या नानांची रुग्णालयातून घरी रवानगी व्हायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या हाती कागदांचे एक बाड ठेवले, दर दोन तासांनी कूस बदलण्याची ताकीद दिली आणि खांद्यावर हात ठेवून "जमेल तुम्हाला, काळजी करू नका," असे म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले. मनुष्य सहृदय होता यात शंका नाही; परंतु त्या शब्दांनी माझ्या ठायी तिळमात्र उमेद उत्पन्न झाली नाही, उलट न जमल्यास दोष आता सर्वस्वी आपल्याच पदरी येणार, एवढी खातरजमा मात्र झाली. संध्याकाळच्या पाळीला आलेल्या सिस्टरने बोलण्यात वेळ दवडला नाही. तिने शेजारच्या खाटेवरील म्हातारबोवांच्या सुनेला हाक मारली आणि आठ दिवसांपूर्वी माझ्याइतक्याच अनभिज्ञ असलेल्या त्या बाईने, सासऱ्यांचा पलीकडचा गुडघा दुमडून, एक तळहात खांद्यामागे व दुसरा कमरेमागे लावून, त्यांना आपल्या अंगाकडे अलगद कसे वळवायचे ते मला करून दाखविले. मग नानांच्या खाटेशी पहिल्या खेपेस सिस्टरचे हात माझ्या हातांवर होते, दुसऱ्या खेपेस नुसते जवळ होते, आणि तिसऱ्या खेपेस तिने ते पाठीमागे बांधून घेतले. पाठीशी एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये दुसरी, लुळा हात अंगाखाली सापडलेला नाही ना हे पाहणे, झाले. माझ्या कपाळावरून घाम निथळत होता. "घामाला भिऊ नका दादा," ती म्हणाली, "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच फुटतो."

त्या सिस्टरने मानसशास्त्राचा ग्रंथ उघडला असेल असे वाटत नाही. परंतु अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली एका दीर्घ निबंधात जे प्रतिपादन केले, ते तिने अर्ध्या तासात माझ्याकडून गिरवून घेतले होते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या मुंडेर नावाच्या एका आडगावात 1925 साली जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आयुष्य वेचलेल्या या गृहस्थाचे म्हणणे असे की, एखादे काम मनुष्य हाती घेईल किंवा नाही, घेतल्यास अडचणीत किती काळ टिकेल, हे त्याच्या कौशल्याइतकेच, 'हे विशिष्ट काम मला करता येईल' या त्याच्या प्रतीतीवर अवलंबून असते. ही प्रतीती चार झऱ्यांनी भरते: स्वतः केलेल्या कृतीचे यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाचा शब्द, आणि आपल्या छातीच्या धडधडीचा वा घामाचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला झरा सर्वांत भरवशाचा, आणि नुसत्या शब्दाचा झरा फार लवकर आटणारा. डॉक्टर तेथेच थांबले होते.

मराठीत या कल्पनेला कोणी स्वकार्यक्षमता म्हणतात, कोणी स्वयं-परिणामकारकता. दोन्ही शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर फारसे फिरकत नाहीत. आपल्या बोलीत मात्र 'हात बसणे' असा एक नेमका प्रयोग पूर्वीपासून आहे, आणि तो सरसकट आत्मविश्वासापासून या गोष्टीला बिनचूक वेगळे काढतो. भाकरीवर हात बसलेल्या बाईचा पुरणपोळीवर बसलेला असेलच असे नाही. सभा गाजविणारा वक्ता इन्सुलिनची सुई पाहून पांढराफटक पडतो.

या कल्पनेवरचे बांडुरांचे प्रारंभीचे प्रयोग सापाला भिणाऱ्या माणसांवर झाले. मार्गदर्शक आधी स्वतः अजगर हाताळून दाखवी. मग भयग्रस्त मनुष्याने दुरून पाहावे, हातमोजा घालून स्पर्श करावा, मोजा काढून करावा, आणि अखेरीस तो प्राणी मांडीवर मोकळा सोडावा. प्रत्येक पायरीवर आधार दिला जाई आणि जमू लागताच तो काढून घेतला जाई. आधार काढण्याचे हे मर्म आपल्या घरांत सहसा कोणी जाणत नाही. आपण एक तर सारे स्वतःच करतो, नाही तर एकदम सारे दुसऱ्याच्या गळ्यात घालतो.

ही कल्पना रुग्णांच्या उपयोगी कशी आली, याची कथा अधिक रसाळ आहे, कारण तिच्या मुळाशी एक फसलेला अंदाज आहे. स्टॅनफर्ड येथेच केट लॉरिग या मूळच्या परिचारिकेने 1970 च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला. शिकविणारे बहुधा डॉक्टर नसत. ती स्वतः दुखणे काढलेली सामान्य माणसे असत. व्यायाम शिकवावा, रुग्ण तो नेमाने करतील, आणि वेदना घटतील, असा सरळ हिशेब होता. वेदना घटल्याही. परंतु आकडे तपासता असे दिसले की, व्यायाम वाढविणाऱ्यांचाच त्रास कमी झाला असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. तेव्हा रुग्णांनाच विचारण्यात आले. ज्यांना गुण आला होता ते सांगत की आता या दुखण्यावर आपला काही ताबा आहे. ज्यांना आला नव्हता ते म्हणत की आपल्या हाती काहीच नाही. बांडुरांचे दप्तर त्याच विद्यापीठात, हाकेच्या अंतरावर होते. पुढे वर्गाचा रोखच पालटला: दर आठवड्याला प्रत्येकाने एक छोटा संकल्प सोडावा, काय, किती, केव्हा व कितीदा ते सांगावे, आणि तो पार पडेल याची खात्री शून्य ते दहांत मोजावी, आकडा सातांहून कमी आल्यास स्वतःला दूषण न देता संकल्पच लहान करावा. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चार वर्षांनंतर वेदना सरासरी 20 टक्क्यांनी व डॉक्टरांकडील खेपा 40 टक्क्यांनी घटल्या होत्या. याच मुदतीत शारीरिक अपंगत्व मात्र 9 टक्क्यांनी वाढले होते, हे वाक्य मी तीनदा वाचले. सांधे झिजतच होते. त्यांच्यासह जगण्यावर हात बसला होता.

असली प्रतीती मोजण्याची लॉरिग यांची प्रश्नावली मोठी मौजेची आहे. सदऱ्याच्या ओळीतील तीन मध्यम गुंड्या बारा सेकंदांत लावून काढता येतील, याची तुम्हाला कितपत खात्री आहे? जिन्याच्या दहा पायऱ्या सात सेकंदांत उतरता येतील याची? काटा-सुरीने मांसाचे दोन घास कापण्याचाही एक प्रश्न आहे, ज्याच्या जागी आमच्या आजीला भाकरी मोडण्याविषयी विचारावे लागले असते.

शुश्रूषा करणाऱ्याची स्थिती याहून अवघड, कारण त्याच्या यशाची किल्ली दुसऱ्याच्या देहात असते. गोव्यात तिसवाडी व बार्देश तालुक्यांत, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या 81 कुटुंबांवर एक प्रयोग झाला व तो 2008 साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठीपद्धतीने निवडलेल्या 41 घरी सहा महिने, साधारण पंधरा दिवसांनी एकदा, एक सल्लागार येई; शिक्षण उच्च माध्यमिक एवढेच आवश्यक, पण घरची भाषा येणारा. आजार म्हणजे काय, रात्री उठून दार वाजविणाऱ्या माणसाशी कसे वागावे, कोणती सरकारी मदत मिळू शकते, हे तो समजावी. रुग्णांच्या दैनंदिन क्षमतेत ठळक सुधारणा आढळली नाही. सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य मात्र सुधारले.

तथापि या कल्पनेच्या प्रेमात पडून तिला नसते अधिकार बहाल करू नयेत. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरीच व्यायाम करवून घेतला गेला. सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी ठरलेल्यांचे प्रमाण प्रशिक्षित घरांत 47 टक्के, आणि नेहमीचा उपचार मिळालेल्यांतही 47 टक्के. इंग्लंडच्या सरकारने लॉरिग यांचाच वर्ग देशभर चालविला, तेव्हा 629 रुग्णांच्या तपासणीत हुरूप व प्रतीती वाढलेली दिसली, पण सरकारी दवाखान्यांवरील नेहमीचा भार काही हलका झाला नाही. 'तुम्हाला जमेल' असे सांगून जे काम दवाखान्याचे ते घरच्या सुनेच्या हवाली करण्याची तजवीज कोणी या संशोधनाच्या आडून करू पाहील, तर हे दोन दाखले त्याच्यापुढे ठेवावेत.

अॅन स्टेफन यांनी 2002 साली, बांडुरांनाही सोबत घेऊन, शुश्रूषा करणाऱ्यांसाठी जी मोजपट्टी सिद्ध केली तिचे तीन भाग आहेत: रुग्णाच्या त्रासदायक वर्तनाला तोंड देणे, मनात येणारे विषण्ण विचार आवरणे, आणि विसाव्यासाठी दुसऱ्याकडे मदत मागणे. शून्य ते शंभर असा आकडा द्यायचा. नानांच्या आजारपणाच्या चौथ्या महिन्यात एका मध्यरात्री, त्यांना डाव्या कुशीवर वळवून झाल्यावर, मी तो मनातल्या मनात देऊन पाहिला. कूस बदलण्याला नव्वद दिले असते. उशा लावणे, वळवणे, सारे आता अंधारातही होत होते. मदत मागण्यापाशी आलो आणि ठाण्याला राहणारा धाकटा भाऊ आठवला, ज्याला 'रविवारी दिवसभर येशील का?' एवढे विचारायला मी तोवर एकदाही धजलो नव्हतो. त्या ओळीला मी वीस दिले, आणि सकाळ होईपर्यंत पंधरा केले.