मोटारसायकलचे भक्कम कॅरिअर : माल पोचावा, माणूसही पोचावा

भोपाळच्या दक्षिणेला चुनाभट्टीपासून निघून सर्वधर्म, बैरागढ चिचली या भागांतून गोल जोडकडे जाणारा कोलार रोड आता सहापदरी झाला आहे. ज्या कोलार नदीच्या धरणाचे पाणी शहर पिते, तिच्या नावाने ओळखला जाणारा हा भाग २०१४ साली भोपाळ महानगरपालिकेत सामील झाला. शेते मागे सरली, वसाहती पुढे आल्या. तरीही पहाटे या रस्त्याला उभे राहावे, म्हणजे दुधाचे कॅन, मेथी-पालकाच्या जुड्या आणि टोमॅटोचे क्रेट घेऊन शहराकडे धावणाऱ्या मोटारसायकलींची रांग दिसते. कोणी घरोघरी रतीब घालतो, कोणी बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात जातो, तर कोणी दूर करोंदच्या मंडीपर्यंत.

पूर्वी हे काम राजदूत करी. आज ते शंभर-सव्वाशे सीसीच्या हलक्या गाड्यांवर आले आहे. पेट्रोल वाचते हे खरे, पण ओझे मात्र राजदूतचेच राहिले. कंपनीच्या गाडीला मागे जो दांडा असतो तो मागे बसणाऱ्याने हाताने धरण्यासाठी असतो, चाळीस-पन्नास किलो पेलण्यासाठी नव्हे. म्हणून शेतकरी वेल्डिंगच्या दुकानात जातो आणि "भक्कम कॅरिअर करून द्या" असे सांगतो. भक्कम म्हणजे नुसते जाड लोखंड नव्हे, हे या लेखात आम्हाला सांगायचे आहे. कॅरिअर मोडले तर दूध सांडते, ते एका दिवसाचे नुकसान झाले. परंतु कॅरिअर मोडले नाही आणि गाडीच आवरली नाही, तर घरचा कर्ता माणूस रस्त्यावर पडतो.

आधी वजनाचा हिशेब

प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तकात ती किती ओझे वाहू शकते हे दिलेले असते. शंभर सीसीच्या गाडीला हा आकडा साधारण १३० किलोच्या आसपास असतो. यात चालवणाऱ्याचे वजनही धरलेले असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता हिशेब करू. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते. वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये ४१ किलो दूध झाले. रिकाम्या कॅनचे मिळून ८ किलो, लोखंडी कॅरिअरचे ८ किलो आणि चालवणाऱ्याचे ६५ किलो धरले, तर एकूण १२२ किलो होतात. हे मर्यादेत बसते. तेच चाळीस लिटरचे दोन कॅन लावले तर दूधच ८२ किलो. कॅनचे १५, कॅरिअरचे ८ आणि माणसाचे ६५ मिळवले की १७० किलो होतात, म्हणजे मर्यादेपेक्षा चाळीस किलो जास्त. कॅरिअर कितीही भक्कम केले तरी ब्रेक, टायर, चाकाचे आरे आणि शॉकॲब्सॉर्बर जुनेच राहतात. खतालाही हाच हिशेब लावावा. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे, तर डीएपीची ५० किलोची असते. एका खेपेला एकच गोणी, आणि त्या खेपेला मागे माणूस नको.

ओझे कोठे ठेवावे?

विहिरीवरचा ओकता किंवा बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. बैलगाडीत माल चाकाच्या मागे जास्त भरला की जू वर उचलले जाते. मोटारसायकलचेही तसेच आहे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे सव्वा मीटर असते. मागच्या ॲक्सलच्या एक फूट मागे ६० किलो ठेवले, तर पुढच्या चाकावरचे सुमारे साडेचौदा किलो वजन उचलले जाते. हँडल हलके लागते, गाडी डुलते, चढावर पुढचे चाक रस्ता सोडू पाहते आणि पुढचा ब्रेक पुरता धरत नाही.

म्हणून तीन नियम पाळावेत. जड माल मागच्या ॲक्सलच्या वर किंवा त्याच्या पुढे यावा, मागे लोंबता नको. माल जितका खाली तितका बरा. दोन्ही बाजूंना वजन सारखे हवे. दुधाचे कॅन चाकाच्या दोन अंगांना अडकवण्याची आपल्या गवळीबांधवांची जुनी पद्धत या दृष्टीने शहाणपणाची आहे. मात्र रतीब घालताना एकच कॅन आधी रिकामा करू नये. दोन्हींतून आळीपाळीने दूध काढावे. अर्धा भरलेला कॅन वळणावर हिंदकळतो, म्हणून अशा वेळी वळण हळू घ्यावे.

भाजीचा क्रेट मागच्या माणसाच्या जागेवर, सीटच्या मागच्या अर्ध्यावर यावा अशा बेताने वरची चौकट करावी. सीटच्या पलीकडे जो भाग जाईल त्यावर फक्त हलका माल, जसे रिकामी पोती किंवा कोथिंबिरीच्या जुड्या.

लोखंड आणि बांधणी

मुख्य चौकटीसाठी एक इंची चौकोनी पाइप, १४ गेजचा म्हणजे सुमारे २ मि.मी. जाडीचा घ्यावा. मीटरला तो जवळजवळ दीड किलो भरतो. चार मीटर लागला तर सहा किलोच्या आत काम होते. आडव्या पट्ट्यांना तीन सुती सळई पुरे. कॅनच्या कडीला व बुडाच्या आधाराला चार सुती सळई किंवा इंची पट्टी वापरावी. भरीव जाड अँगलचा हट्ट धरू नये. त्याने कॅरिअरचेच वजन वाढते आणि तेवढे दूध कमी न्यावे लागते.

खरी ताकद त्रिकोणात असते. नुसती आडवी चौकट दोन बोल्टांवर टांगली, तर प्रत्येक खड्ड्यात ती खालीवर वाकते आणि थोड्याच दिवसांत सांध्याशी तडकते. खड्ड्यात आदळताना ओझ्याचा जोर क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून चौकटीच्या मागच्या कोपऱ्यापासून खाली मागच्या पायदानाच्या बोल्टापर्यंत दोन्ही बाजूंना तिरपा टेकू द्यावा. वरचा आधार मागच्या दांड्याच्या बोल्टांवर किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टावर घ्यावा. तेथे लांब बोल्ट लागेल, तो चांगल्या प्रतीचा व ८.८ असा आकडा कोरलेला घ्यावा. नट आतून नायलॉनची कडी असलेला असावा, म्हणजे हादऱ्याने सैल होत नाही. मागच्या बाजूला दोन टेकूंमध्ये एक आडवी व एक तिरपी पट्टी जोडावी. ती नसेल तर कॅरिअर डावी-उजवीकडे डुलते.

मागचे चाक ज्या दांड्यावर खालीवर होते त्याला मात्र कॅरिअर कधीही जोडू नये. आणि गाडीच्या मूळ चौकटीवर वेल्डिंग करू नये. तिचा पाइप पातळ असतो. उष्णतेने तो कमकुवत होतो, रंग जळून आतून गंज धरतो. जेथे बोल्टाची सोय नाही तेथे यू-बोल्ट वापरावा व मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा.

दोरीसाठी चौकटीला सहा कड्या लावाव्यात. दोरीचे टोक लोंबू देऊ नये. ते चाकात गेले की चाक जागच्या जागी अडते. सायलेन्सरच्या बाजूचा कॅन त्याला चिकटणार नाही इतके अंतर ठेवून मध्ये पत्रा लावावा. सकाळचे दूध तापले की लवकर नासते. दोन्ही अंगचे कॅन हँडलच्या रुंदीपेक्षा जितके कमी बाहेर येतील तितके बरे. मागचा दिवा, इंडिकेटर आणि नंबरपट्टी झाकता कामा नये. टोके गोल करावीत, कारण मागून येणारा सायकलस्वारही कोणाचा तरी मुलगा असतो.

वेल्डिंग करताना डोळे आणि छाती

मापे गाडीवर घ्यावीत, पण वेल्डिंग गाडीपासून दूर करावे. पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी म्हणजे मरणाशी खेळ आहे. पातळ पाइपला अडीच मि.मी.ची कांडी पुरते. जाड कांडीने पाइपला भोक पडते.

वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहू नये, मुलांना तर तेथे उभेच राहू देऊ नये. त्रास लगेच कळत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी गळते. अशा वेळी बटाट्याचा काप, मध किंवा दूध डोळ्यात घालू नये. डोळे मिटून थंड पाण्याची घडी ठेवावी, चोळू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप वेल्ड केला तर पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. ग्लासभर दूध प्याल्याने हा धूर बाधत नाही, असा समज पुष्कळ मिस्त्रींमध्ये आहे. तो खरा नाही. साधा काळा पाइप वापरावा, किंवा सांध्याजवळचा मुलामा घासून काढून उघड्या हवेत काम करावे. नंतर खपली झाडून रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा. पाइपची टोके बंद केली असतील तर खालच्या बाजूला बारीक भोक ठेवावे, म्हणजे पाणी साचून आतून गंज चढत नाही.

रस्त्यावर निघण्यापूर्वी

माल भरताना गाडी मोठ्या स्टँडवर घ्यावी. चिखलात स्टँडखाली फळी किंवा सपाट दगड ठेवावा. दोघांनी मिळून दोन्ही कॅन एकाच वेळी चढवावेत. कमरेतून न वाकता गुडघे वाकवून उचलावे, हे तरुणांनाही सांगणे आहे. कंबर एकदा गेली की धारा कोण काढणार?

मागच्या टायरची हवा माहितीपुस्तकात दोन माणसांसाठी दिली असेल तितकी भरावी. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सारे नट पुन्हा आवळावेत व पुढे दर आठवड्याला हात फिरवून पाहावे. सांध्याजवळ रंगात बारीक तांबूस रेघ दिसली तर ती चीर समजावी व कॅरिअर उतरवून दुरुस्त करावे. भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, हे हेल्मेट घालतानाच मनाशी म्हणावे.

फवारणीचे औषध आणि दूध किंवा भाजी एकाच खेपेला नेऊ नये. औषध सांडलेली चौकट साबणाने धुतल्याशिवाय तिच्यावर खाण्याचा जिन्नस ठेवू नये. कॅरिअर ही लेकराला बसवण्याची जागा नव्हे, शाळा कितीही जवळ असली तरी.

कायद्याचेही दोन शब्द. गाडीची मूळ चौकट कापणे किंवा लांबवणे चालत नाही. २०२० साली केंद्र सरकारने केलेल्या नियमदुरुस्तीप्रमाणे दुचाकीवर ठेवायची पेटी ५५० मि.मी. लांब, ५१० मि.मी. रुंद व ५०० मि.मी. उंच याहून मोठी नसावी. ती मागच्या माणसाच्या जागेवर ठेवली, तर गाडीवर फक्त चालवणाराच असावा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ज्यांचे दूध रोज पन्नास लिटरच्या वर जाते, त्यांनी एका गाडीवर दुप्पट ओझे लादण्याऐवजी शेजारच्या चार घरांनी मिळून छोटा टेंपो ठरवावा आणि भाडे लिटरप्रमाणे वाटून घ्यावे. ज्यांना मोटारसायकलच परवडते, त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर एकमेकांची कॅरिअरे हलवून पाहावीत. कोणाचा नट सैल असेल तर पाना कोणाजवळ तरी असतोच.