संकटकाळातील आशा आणि धैर्य : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप

प्रस्तावना :
संकटकाळात धर्मश्रद्धा मनुष्यास आधार देते, हे सर्वमान्य आहे. मात्र हा आधार दुःख सोसण्याचा असतो की दुःखाच्या कारणांशी झुंजण्याचा, याचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करताना पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे जीवनकार्य विशेष महत्त्वाचे ठरते. त्यांच्या श्रद्धेतून आशा व धैर्य कसे निर्माण झाले आणि त्यांनी कोणते रूप घेतले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ख्रिस्ती विचारातील आशेची संकल्पना :
ख्रिस्ती धर्मविचारात श्रद्धा, आशा आणि प्रीती यांचा उल्लेख एकत्र येतो. येथे आशा म्हणजे परिस्थिती आपोआप सुधारेल असा अंदाज नव्हे, तर ईश्वराच्या अभिवचनावर विसंबून राहणे होय. क्रूस आणि पुनरुत्थान या दोन घटना एकत्र मानल्यामुळे या विचारात दुःख नाकारले जात नाही. परंतु दुःखाला अंतिम शब्दाचा मानही दिला जात नाही. रमाबाईंच्या जीवनात या संकल्पनेला प्रत्यक्ष अर्थ प्राप्त झाला.

आपत्तींची मालिका आणि श्रद्धेचा शोध :
अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई व कन्या रमा यांना संस्कृत विद्या दिली. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर जगणारे हे कुटुंब १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेतील दुष्काळात सापडले. आईवडील व थोरली बहीण यांचा मृत्यू रमाबाईंना पाहावा लागला. १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. परंतु १८८० मध्ये बंधू श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी समाजाने बहिष्कृत ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करतात, हे त्यांनी पाहिले. या सेवेमागील प्रेरणा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या योहानकृत शुभवर्तमानातील भेटीत सापडली. पतित मानलेल्या स्त्रीलाही आदराने वागवणारा ईश्वर, हा त्यांच्या आशेचा पाया ठरला. मात्र धर्मांतरानंतरही त्यांनी स्वतंत्र बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चच्या अधिकाराविषयी त्या आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून निर्भीडपणे वाद घालीत राहिल्या.

धैर्याची कसोटी :
११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदनाची स्थापना झाली; पुढील वर्षी ते पुण्यास हलले. येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, या कारणावरून १८९३ मध्ये वाद पेटला. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतिदार सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही संस्था बंद पडली नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात स्वतःच्या कुटुंबाच्या उपासमारीची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेगची साथ आली आणि नव्या लोकांना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा दौंड तालुक्यातील केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. यातूनच मुक्तिसदन उभे राहिले. सरकारच्या प्लेगविषयक उपाययोजनेत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून उघड केली. राज्यकर्त्यांचा धर्म तोच असूनही त्या गप्प राहिल्या नाहीत, ही बाब लक्षणीय आहे.

केडगाव येथे शेती, विणकाम, शिवणकाम आणि मुद्रण यांचे शिक्षण दिले जाई. कृपासदनात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आश्रय मिळे, तर अंध स्त्रियांना मनोरमा ब्रेल लिपी शिकवीत. आशेला येथे संस्थेचे रूप मिळाले. धान्य, कौशल्य आणि अक्षरओळख ही तिची परिमाणे होती.

मर्यादा व मूल्यमापन :
दुष्काळात आश्रयास आलेल्या परावलंबी मुलींना दिलेल्या धर्मशिक्षणात स्वेच्छेला कितपत वाव होता, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही टाळता येत नाही. तथापि महात्मा फुले यांनी 'सत्सार' (१८८५) मधून रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले, हेही ध्यानात घ्यावे लागते. त्यांचे धर्मांतर आणि स्त्रीदास्याची चिकित्सा एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत.

समारोप :
१९२१ मध्ये मनोरमा निवर्तल्या. हयातभर सोबत असलेले हे अखेरचे माणूसही गेल्यावर रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत त्यांनी हे काम चालविले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. श्रद्धेने रमाबाईंचे दुःख टाळले नाही की कमी केले नाही. त्या दुःखाची स्मृती इतरांच्या उपयोगी आणण्याचे सामर्थ्य मात्र तिने दिले. संकटकाळातील धर्मश्रद्धेचे मूल्य ठरवताना ती किती सांत्वन देते याबरोबरच ती कोणते कार्य घडवते, हा निकषही विचारात घेणे आवश्यक आहे, असे या विवेचनावरून म्हणता येते.